आत्तीची रजिस्टरं

गेल्या पावसाळ्यात आजऱ्याला गेले होते. आजऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. चार दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आलं नाही. रामतीर्थाला जायचं ठरवून गेलेली मी, हिरण्यकेशीचं पाणी कुठवर चढलंय हे शेजाऱ्यांकडून ऐकत घरातच बसले. मग अशा वेळी सगळे करतात तेच केलं, माळा आवरायला काढला.

माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. आत्तीची. (आमच्याकडे आत्याला आत्ती म्हणतात. पुण्याला आल्यावर मैत्रिणींनी हसून हसून माझी आत्ती जवळजवळ सोडवलीच होती, पण लिहिताना तिला आत्या म्हणणं काही जमत नाही.) आत्ती एएनएम होती. कागदोपत्री 'सहायक परिचारिका प्रसाविका', गावासाठी 'शिस्टर'. डोंगरातल्या एका उपकेंद्रात तिची बरीच वर्षं गेली. उपकेंद्राचं नाव मुद्दामच लिहीत नाही, पुढे वाचलंत की कारण कळेल.

ट्रंकेत साड्या असतील असं वाटलं होतं. निघाल्या वह्या. लाल पुठ्ठ्याच्या, हाताने रेघा मारलेल्या लांबलचक वह्या. सरकारी रजिस्टरं जमा करावी लागत, म्हणून ती प्रत्येकाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवायची. गरोदर बायांची यादी, जन्म, मृत्यू, लसी, घरभेटी. अक्षर असं की आमच्या शाळेच्या मास्तरांनी कौतुक करावं. आणि काही ओळींच्या कडेला पेन्सिलीने काढलेलं एक छोटं वर्तुळ. ज्वारीच्या दाण्याएवढं.

ती वर्तुळं कसली हे कळायला संध्याकाळ झाली. ते शेवटी सांगते. त्याआधी थोडं माझ्या कामाबद्दल आणि त्याच्या इतिहासाबद्दल लिहायचं आहे, कारण त्याशिवाय त्या वर्तुळांचं वजन कळणार नाही. घरातली बरीच मंडळी मला अजून विचारतात, "तू नक्की काय करतेस गं? डॉक्टर तर नाहीस!" त्यांनाही एकदाचं उत्तर मिळेल.

मी वैद्यकीय संशोधनात आकड्यांचं काम करते. सुरुवात साध्या डेटा एंट्रीपासून झाली, २००१-०२ च्या सुमारास. खेड्यांतून भरून आलेल्या फॉर्मचे गठ्ठे यायचे आणि आम्ही ते संगणकात भरायचो. त्यासाठी 'एपी इन्फो' नावाचा प्रोग्रॅम होता. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तो १९८५ मध्ये काढला. साथ आली की तिथल्या तिथे फॉर्म तयार करायचा, माहिती भरायची आणि लगेच हिशेब काढायचा, असा त्यामागचा विचार. गंमत म्हणजे तो फुकट होता, आणि त्याच्या प्रती काढून वाटायला पूर्ण परवानगी होती. त्यामुळे ज्या काळात बाकीची संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर आपल्या कॉलेजांना परवडत नव्हती, त्या काळात हा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर चढत जगभरच्या गरीब देशांत पोचला. आमच्याकडे होता तो डॉसवरचा, काळानिळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर.

तो प्रोग्रॅम हुशार होता. वय ३५ च्या ऐवजी ३५० टाकलं की अडवायचा. पुरुषाच्या पुढे 'गरोदर' लिहू द्यायचा नाही. त्याहून कडक पद्धत म्हणजे दुहेरी नोंद. एकच गठ्ठा दोघींनी वेगवेगळा भरायचा, मग संगणक दोन्ही फाइली ताडून बघणार आणि जिथे फरक असेल तिथे बोट ठेवणार. शेवटी दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या की आम्हाला जो आनंद व्हायचा, तो दिवाळीच्या करंज्या न फुटता तळल्या गेल्यावर होतो तसा!

पण ही सगळी हुशारी कागद आणि संगणक यांच्या मधल्या चुकांपुरती. कागदावर जे लिहिलंय ते खरं आहे का, हे त्याला कुठून कळणार? हे वाक्य मी त्या काळात शंभरदा ऐकलं असेन, ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना सांगितलंही असेन. कळलं मात्र फार उशिरा.

आपल्याकडे हा प्रश्न आधी कुणाला पडला हे शोधताना मी बार्शीपर्यंत पोचले.

भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने. 'लोकसंख्येवर आधारलेली' म्हणजे काय, तर एका हॉस्पिटलात किती रोगी आले ते मोजायचं नाही. एका ठरावीक भागातल्या सगळ्या लोकांमध्ये वर्षभरात कितीजणांना कर्करोग झाला ते मोजायचं. सगळी हॉस्पिटलं, प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले धुंडाळायचे. पुढे १९८१ मध्ये आयसीएमआरने राष्ट्रीय पातळीवर हा कार्यक्रम सुरू केला.

हे शहरात जमलं. खेड्याचं काय? खेड्यातली बाई हॉस्पिटलात येतच नाही. दुखणं अंगावर काढते, देवऋषी करते, आणि एक दिवस जाते. तिचा कागद कुठेच नसतो. मग कागदांवरून काढलेला निष्कर्ष असा येणार की खेड्यात कर्करोग कमी आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. त्यांनी शहरातली पद्धत उलटी केली. कागद येण्याची वाट न बघता माणसं गावात पाठवली. हे कार्यकर्ते ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात, लोकांशी बोलत, कोणती लक्षणं दिसली तर अंगावर काढायची नाहीत हे सांगत, आणि संशय आला तर हॉस्पिटलात यायला तयार करत.

यातून एक गोष्ट घडली ती मला फार मोलाची वाटते. काही वर्षांनी आकडे बघितले तेव्हा दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येताहेत. कुठलंही नवं यंत्र आलं नव्हतं, मोठी तपासणी मोहीम निघाली नव्हती. नुसतं कुणीतरी नेमाने दारात येऊन विचारत होतं.

या कामाच्या पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात एक फार मोठी चाचणी झाली. १९९९ मध्ये सुरू. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटलेले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅपची, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्यात तपासणी नाही, नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात साधारण ३४ हजार बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ गेल्या, तपासणी नसलेल्या गटात साधारण साडेएकतीस हजारांपैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत या जिल्ह्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

चौथ्या गटातल्या त्या ६४ जणींवरून पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. तपासणी न करता नुसतं मोजत राहणं कितपत योग्य, हा प्रश्न आकड्यांनी सुटणारा नाही. माझ्यासारख्या आकडेवालीने तर तो विसरूच नये. तक्त्यातला ६४ हा आकडा म्हणजे चौसष्ट घरं आहेत.

असो. दुसरी गोष्ट आहे डॉक्टरांच्या शिक्षणातली, आणि त्यासाठी जरा लांब, इंग्लंडातल्या लीड्स शहरात जावं लागेल.

१९७२ मध्ये डॉ. डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अचानक पोटात दुखू लागलेला रोगी आला की ते ॲपेंडिक्स आहे, पित्ताशय आहे, की काहीच नाही, हे ठरवणं सर्जनला अवघड जातं. त्यांनी रोग्याची लक्षणं एका ठरावीक फॉर्मवर लिहून संगणकाला दिली. संगणकाजवळ जुन्या रोग्यांची माहिती होती. अशी लक्षणं असताना आधी कोणता आजार किती वेळा निघाला होता, यावरून तो शक्यता काढायचा. ३०४ रोग्यांत संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, आणि टीममधल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरचं ७९.६ टक्के.

एवढं वाचून 'यंत्राने माणसाला हरवलं' असं म्हणायचा मोह होतो. पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. प्रयोग चालू होता त्या काळात डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं. आणि प्रयोग थांबला तसं ते पुन्हा घसरलं! म्हणजे काय झालं असेल? फॉर्म भरायचा म्हणून प्रत्येक रोग्याला सगळे प्रश्न विचारावे लागत होते. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, हलल्यावर वाढतं का. एरवी घाईत दोन प्रश्नांवर भागवणारा शिकाऊ डॉक्टर आता सगळे विचारत होता, आणि आपलं निदान बरोबर होतं की चूक हेही त्याला कळत होतं. फॉर्म गेला आणि सवयही गेली. आज इतक्या वर्षांनी एआयच्या गप्पा ऐकताना मला हा जुना प्रयोग सारखा आठवतो. यंत्राच्या उत्तराइतकाच उपयोग त्याच्यासाठी नीट प्रश्न विचारण्याचाही झाला होता.

आणि हेच, जवळजवळ विजेशिवाय, गडचिरोलीत झालं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिथे लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं मूल पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण गावातल्या दाईला लिहिता-वाचता येत नाही, साठपर्यंत मोजता येत नाही, हातात घड्याळ नाही. मग त्यांनी एक साधन बनवलं. एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची कुपी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. बस्स.

मला विचाराल तर मी पाहिलेल्या, वाचलेल्या सगळ्या गणकयंत्रांत हे सर्वांत सुंदर. यात माहिती गोळा करणं, हिशेब आणि निर्णय तिन्ही आहे, आणि ते बाळाच्या छातीकडे नीट एक मिनिट बघायला लावतं. न्यूमोनियाच्या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये आले. गावातल्याच माणसांनी औषध दिलं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

मग नवजात बाळांचं काम. ३९ गावांत घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायची आणि ४७ गावांशी तुलना करायची. गावातली थोडीफार शिकलेली बाई बाळाला भेटणार, तपासणार, फॉर्म भरणार, जंतुसंसर्ग असेल तर इंजेक्शनसुद्धा देणार. १९९९ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. या गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू दर हजारी ६२ होते ते तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे २५ वर आले. २०११ पासून देशभरच्या आशाताई नवजात बाळाला घरी भेटायला जातात, ते याच कामातून आलेलं.

पण माझ्यासारखीला त्यातली दुसरीच बाजू दिसते. हा आकडा जगाने मान्य का केला? कारण जन्म आणि मृत्यू मोजायची पद्धत पक्की होती. नोंद व्हायची ती व्हायचीच, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन ती पुन्हा पडताळली जायची. मी संगणकावर दुहेरी नोंद करायचे, यांनी ती दारात केली. मृत्यू लपवून यांचा फायदा काहीच नव्हता. तो लपला असता तर काय करायचं हेच कळलं नसतं.

२००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि महाराष्ट्रात खळबळ माजली. तेरा संस्थांनी मिळून आपापल्या गावांत बालमृत्यू मोजले होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की सरकारी दप्तरात त्यातला फार मोठा भाग येतच नाही. त्यावर सरकारने समिती नेमली, चर्चा झाली. तेव्हा मी डेटा एंट्रीत नवी होते. पेपरात वाचलं, वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा गठ्ठा उघडला.

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'बाळंतपणाचा परिणाम'. १ म्हणजे जिवंत जन्म, २ म्हणजे उपजत मृत. मी दिवसाला शेकडो १ आणि मधूनच २ टाइप करायचे. कर्सर पुढे सरकायचा.

आता वर्तुळांकडे.

संध्याकाळी लाईट गेले होते. आत्ती चुलीजवळ बसली होती. (गॅस आहे, पण पावसात तिला चूल लागते.) मी वही घेऊन तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "आत्ती, हे गोल कसले गं?"

तिने चष्मा लावला, बघितलं आणि वही मिटली. बराच वेळ काही बोललीच नाही. घनसाळ भाताचा वास घरभर सुटला होता. मग म्हणाली, "ती रडलेली."

मला कळेना. ओळ बघितली तर पुढे लिहिलेलं, 'उपजत मृत'.

"रडलं होतं गं ते. माझ्या हातात रडलं. सांजच्याला गेलं. दुसरं एक तर दोन दिवस होतं." मग हळूहळू सगळं सांगितलं. महिन्याच्या मीटिंगला आकडे वाचले जायचे. ज्या शिस्टरच्या हद्दीत बाळ गेलं तिला उभं करायचे. का गेलं, तू कुठं होतीस, भेट दिलीस का, तारीख दाखव. एकदा वरच्यांनी सरळ सांगितलं, बाई, मेलेलंच जन्माला आलं असं लिहा, तुम्हालाही त्रास नको आणि आम्हालाही नको. उपजत मृत बाळ बालमृत्यूच्या आकड्यात धरत नाहीत. एका शब्दाने आकडा साफ.

"पैल्यांदा न्हाई म्हणालो," ती म्हणाली. (आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, 'मी गेलो, मी आलो'.) "मग भ्यालो. बदली करतील, पगार अडवतील. तुझा बाप तवा शिकत होता, फी मीच भरत होतो. लिवलं तसंच. पण घरच्या वहीत गोल काढलो. कुणीतरी कधीतरी बघंल म्हणून न्हवं. मला झोप लागंना म्हणून."

मी रात्री बॅटरीच्या उजेडात सगळ्या वह्या पुन्हा चाळल्या. नऊ वर्तुळं. जिथे वर्षाला शंभरही बाळंतपणं होत नाहीत तिथे नऊ.

नऊ आया. त्यांनी बाळाचं रडणं ऐकलं होतं. काहींनी पाजलंही असेल. आणि कागद म्हणतो की ते कधी जिवंत नव्हतंच. मोजलंच नाही म्हटल्यावर तिथे काय कमी आहे, बाळ गार पडलं म्हणून गेलं की जंतुसंसर्गाने, हे विचारायला कोण येणार होतं? गडचिरोलीत ज्या बाळांवरून देशाचा कार्यक्रम उभा राहिला, तशीच ही बाळं. फक्त यांना रकाना मिळाला नाही.

आत्तीला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. तिने भरलेल्या फीवर माझे वडील शिकले, वडिलांच्या शिक्षणावर मी. आणि तिने खोटं लिहिलं तिथेच खऱ्याची खूणही ठेवली. मी तर एवढं शिकून, दुहेरी नोंद करून, ते सगळे '२' डोळे झाकून टाइप केले. त्यातली किती रडली होती हे विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही.

आता काळ बदलला आहे. अंगणवाडीच्या ताईंच्या मोबाइलमध्ये २०२१ पासून पोषण ट्रॅकर आहे, आशाताईंच्याही हातात मोबाइल आहेत. शिकाऊ डॉक्टरांना बाहुल्यांवर सराव करायला मिळतो. हे सगळं चांगलंच आहे, मी त्यातच पोट भरते. पण कुठलंही नवं ॲप दाखवलं की मी आता पहिला प्रश्न वेगळाच विचारते. ज्या बाईने यात मृत्यू भरला तिचं पुढे काय होतं? तिला उभं करतात, की तिच्या मदतीला माणूस धावतो? उत्तर पहिलं असेल तर तो डेटा कितीही चकचकीत तक्त्यात मांडा, त्यात वर्तुळं असणारच, फक्त दिसणार नाहीत.

निघताना आत्तीला विचारलं, या वह्या मी नेऊ का? ती म्हणाली, "ने. पण पुसू नको." मग जरा थांबून, "आणि आयांची नावं कुठं लिवू नको."

नावं लिहिलेली नाहीत. वह्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुण्याला आणल्या आहेत, पेन्सिल पुसट होत चालली आहे. ब्लॉगवरच्या लिखाणाला आपण 'नोंद' म्हणतो. तर ही त्या नऊजणांची नोंद. ती रडली होती.